डॅन्व्हिल येथील १८०९ ची उदरशस्त्रक्रिया : मूळ लेख आणि मागाहूनच्या आख्यायिका

इ. स. १८१७ मध्यें फिलाडेल्फिया येथें निघणाऱ्या 'एक्लेक्टिक रेपर्टरी' नामक वैद्यकविषयक नियतकालिकाच्या सातव्या खंडांत अवघ्या तीन पानांचा एक लेख छापला गेला. लेखकाचें नांव एफ्राइम मॅक्डॉवेल. त्याचें राहण्याचें ठिकाण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी संस्थानांतील डॅन्व्हिल हें गांव. स्त्रीच्या श्रोणिभागांत उद्भवून पोटभर वाढलेलें अवजड अर्बुद पोट चिरून बाहेर काढलें आणि ती स्त्री त्यानंतर जगली, असा जो पहिला खात्रीलायक दाखला शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत सांपडतो, तो या तीन पानांत आहे. या घटनेवर पुढें चरित्रें, भाषणें व स्मारकें इतकीं झालीं कीं मूळ तीन पानें त्यांच्या भाराखालीं झांकून गेलीं. तीं पुन्हा वर काढून त्यांत काय आहे, काय नाहीं, आणि जें नाहीं तें मागाहून कसें चिकटलें, एवढें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साधनें तीन प्रतींचीं आहेत. पहिलें, घटनेनंतर सातआठ वर्षांनीं खुद्द शस्त्रवैद्यानें छापलेला सदर लेख. दुसरें, त्याच गृहस्थानें १८२९ च्या जानेवारींत, म्हणजे मृत्यूपूर्वीं सुमारें दीड वर्ष, फिलाडेल्फियांतील एका वैद्यक-विद्यार्थ्यास लिहिलेलें पत्र. तिसरें, १८५२ पासून पुढें लिहिल्या गेलेल्या हकीकती व चरित्रें. समकालीन कागद व उत्तरकालीन बखर यांच्या योग्यतेंतील जो भेद राजवाड्यांनीं आपल्याकडे शिकविला, तो येथेंही जसाच्या तसा लागू पडतो. मात्र येथें एक अडचण अधिक आहे. पहिलीं दोन्ही साधनें एकाच मनुष्याच्या हातचीं असून तीं सर्वस्वीं जुळत नाहींत.

मॅक्डॉवेलचा जन्म ११ नोव्हेंबर १७७१ रोजीं व्हर्जिनियांत झाला व १७८४ मध्यें त्याचें कुटुंब डॅन्व्हिल येथें येऊन राहिलें. स्टॉन्टन येथील डॉ. हम्फ्रीज यांच्या हाताखालीं उमेदवारी करून तो १७९३ मध्यें एडिंबरोस गेला व तेथें त्यानें जॉन बेल या नामांकित शस्त्रवैद्याचीं खासगी व्याख्यानें ऐकिलीं. पदवी न घेतांच तो १७९५ मध्यें परतला. एम. डी. ही पदवी त्यास मिळाली ती तीस वर्षांनीं, १८२५ मध्यें, मेरिलंड विद्यापीठाकडून, आणि तीही सन्मानार्थ. मुतखडा काढण्यांत त्याचा हात प्रसिद्ध होता. १८१२ मध्यें ज्या एका पोरसवदा मुलाचा खडा त्यानें काढला, तो जेम्स पोक पुढें संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष झाला. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं १८०९ मध्यें आपल्यापुढें जो मनुष्य उभा राहतो तो रानांतला धाडसी वैदू नव्हे. शरीरशास्त्र उत्तम शिकलेला व चाकू चालविण्याची रोजची संवय असलेला असा तो शस्त्रवैद्य होता.

आतां मूळ लेखाकडे वळूं. १८०९ च्या डिसेंबरांत मॅक्डॉवेलला क्रॉफर्डबाई नांवाच्या स्त्रीकडे बोलावणें आलें. हिचें पूर्ण नांव जेन टॉड क्रॉफर्ड, वय सेहेचाळिसाच्या आसपास. घर डॅन्व्हिलपासून ६० मैलांवर. आपण गरोदर आहों अशी तिची कित्येक महिन्यांची समजूत होती. प्रसूतीसारख्या कळा येत होत्या, पण सुटका होत नव्हती. दोन वैद्यांनीं तिला पाहून दिवस भरल्याचें ठरविलें होतें, व बाळंतपण उरकण्यास मदत हवी म्हणूनच मॅक्डॉवेलला पाचारण केलें होतें. म्हणजे तो आला तो सुईणीच्या कामास आला. या ठिकाणीं मूळ लेखांतील तीनचार वाक्यें फार मोलाचीं आहेत, आणि चरित्रकारांनीं नेमकीं त्यांच्याकडेच दुर्लक्ष केलें आहे. पोट गरोदरपणाप्रमाणें वाढलेलें खरें, पण त्याचा कल एका बाजूस होता, आणि हातानें लोटलें असतां तें सहज दुसऱ्या बाजूस सरकत होतें. मग त्यानें योनिमार्गानें तपासणी केली, तों गर्भाशयांत कांहींच नव्हतें. गर्भाशय रिकामा, गोळा मोठा, आणि तो हलता. तेव्हां हा वाढलेला अंडाशयच असला पाहिजे असें अनुमान त्यानें बांधलें.

हें अनुमान ज्या काळांत बांधलें त्या काळीं क्ष-किरण नव्हते, ध्वनिलहरींची तपासणी नव्हती, आणि पेशींवरून अर्बुदाची जात ओळखण्याची विद्याही निघालेली नव्हती. फिर्खोचा पेशीविकृतीवरील ग्रंथ १८५८ चा आहे. साधनें एवढींच : दोन हात, प्रेतांच्या चिरफाडींतून मिळविलेलें शरीरशास्त्र, आणि दुसऱ्या दोन वैद्यांचें मत डावलण्याची तयारी. माझ्या मतें १८०९ च्या घटनेचा खरा कळस टेबलावर झाला नाहीं. तो त्या खोलींत, या तपासणीच्या वेळीं झाला. हें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटत असेल त्यानें पुढें येणारी एडिंबरोची हकीकत वाचावी.

निदान झाल्यावर त्यानें बाईस काय सांगितलें, याविषयीं दोन्ही साधनांत फरक आहे. १८१७ च्या लेखांत तो म्हणतो कीं एवढा गोळा काढलेला आपण पाहिला नव्हता, तसा प्रयत्न कोणीं केल्याचेंही ऐकिलें नव्हतें. म्हणून बाईस तिच्या प्रकृतीचा धोका सांगितला, आणि ती या प्रयोगास राजी दिसली. 'प्रयोग' हा शब्द त्याचाच आहे. १८२९ च्या पत्रांत हेंच संभाषण अधिक भरलेलें आहे. जॉन बेल, हंटर, हे व वुड अशा चार थोर शस्त्रवैद्यांनीं पोट उघडणें म्हणजे उदरावरणाचा दाह होऊन निश्चित मरण असें आपल्या व्याख्यानांतून सांगितलें आहे, हें बाईस स्पष्ट सांगून, तरीही मरणाची तयारी असेल तर डॅन्व्हिलला यावें, मी गोळा काढीन, असें आपण बोललों, असें तो लिहितो. वीस वर्षांनीं आठवलेलें संभाषण अक्षरशः खरें धरूं नये. परंतु त्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चरित्रकार एकमुखानें सांगतात कीं या शस्त्रक्रियेचें बीज एडिंबरो येथें बेलच्या व्याख्यानांनींच शिष्याच्या मनांत पेरलें. शिष्य स्वतः मात्र गुरूचें नांव मनाई करणारांच्या यादींत, आणि तेंही अगदीं आरंभीं, घालतो. जॉन बेलनें या रोगाची दुर्दशा वर्णिली असेल व तेवढ्यानें शिष्य विचारांत पडला असेल, हें शक्य आहे. पण गुरूची अनुज्ञा होती असें म्हणण्यास आधार नाहीं.

मग बाई डॅन्व्हिलला आली. घोड्यावर बसून, ६० मैल, थोड्या दिवसांत. कोणत्याही वाहनानें हा प्रवास जवळजवळ अशक्य होता असें मॅक्डॉवेल स्वतःच नमूद करतो. हा प्रवास चरित्रकारांनीं रंगविलेला असेल अशी मला प्रथम शंका होती. परंतु तिचा पुरावा तिच्या शरीरावरच सांपडतो : पोटाची भिंत ठेंचाळलेली आढळली, आणि खोगिराच्या पुढल्या उंचवट्यावर गोळा टेंकून राहिल्यामुळें हें झालें असावें, असें लेखांत शस्त्रक्रियेचें वर्णन चालू असतांच येतें. अशी सहज पडलेली नोंद शंभर वर्णनांहून अधिक विश्वासार्ह होय.

शस्त्रक्रियेंत त्याचा पुतण्या डॉ. जेम्स मॅक्डॉवेल मदतीस होता. साध्या उंचीच्या टेबलावर बाईस उताणें निजवून, पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूपासून सुमारें तीन इंच सोडून, डाव्या बाजूस त्या स्नायूच्या तंतूंना समांतर असा नऊ इंच लांबीचा छेद घेतला. पोट उघडतांच आंतडीं टेबलावर ओघळलीं, व पोकळी गोळ्यानें इतकी भरलेली होती कीं शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत तीं परत घालतां आलीं नाहींत. गोळा अखंड निघेना. तेव्हां गर्भाशयाजवळ बीजवाहिनीभोंवतीं मजबूत दोरा बांधला, म्हणजे रक्ताचा पुरवठा आधीं रोखला, आणि मगच गोळा फोडला. आंतून १५ रत्तल मळकट, सरसासारखा पदार्थ निघाला; मग बीजवाहिनी कापून पिशवी काढली, ती साडेसात रत्तल भरली. एकंदर साडेबावीस रत्तल. सर्व काम सुमारें २५ मिनिटांत आटोपलें. बाईस डाव्या कुशीवर वळवून सांचलेलें रक्त वाहूं दिलें, तुटक टांके घातले, दर दोन टांक्यांमध्यें चिकटपट्टी लावली, आणि बांधलेल्या दोऱ्याचीं टोकें जखमेच्या खालच्या कोंपऱ्यांतून बाहेर ठेविलीं. बांधलेला भाग कुजून सुटला कीं दोरा ओढून काढावयाचा, अशी त्या वेळची रीत होती. पांचव्या दिवशीं तो पाहावयास गेला तों बाई आपलें अंथरूण स्वतः आवरीत होती. आपल्याला आश्चर्य वाटलें हें तो लपवीत नाहीं. पंचविसाव्या दिवशीं ती आली तशी घरीं गेली.

ईथरची गुंगी देऊन झालेली पहिली जाहीर शस्त्रक्रिया १८४६ ची. लिस्टरचे जंतुनाशनावरील लेख १८६७ चे. ही बाई या दोहोंच्याही पूर्वीं, पूर्ण शुद्धीवर, टेबलावर होती. तिला अफूचें कांहीं दिलें होतें काय, हें १८१७ च्या लेखांत नाहीं.

१८२९ च्या पत्रांत या हकीकतीला चार नव्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत. वैद्यांना जुळ्यांचा संशय होता. बाई आल्यावर सहाव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. तो दिवस नाताळाचा होता. आणि थंडीनें गार पडलेलीं आंतडीं परत घालण्यापूर्वीं कोमट पाण्यानें धुतलीं. वजन येथें वीस रत्तलांहून अधिक असें मोघम येतें, व आंतडीं अर्धा तास बाहेर होतीं असें म्हटलें आहे. पैकीं वजन व वेळ यांतील फरक क्षुल्लक आहे. कोमट पाण्याची गोष्ट मी खरी धरतों; कारण ती कौतुकाची नसून कामाची आहे, आणि असा तपशील हातानें काम करणाराच्या स्मरणांत राहतो. नाताळाविषयीं मात्र सावधपणें बोललें पाहिजे. १८१७ मध्यें नुसता 'डिसेंबर १८०९' आहे, आणि तोही बोलावणें आल्याचा महिना. शस्त्रक्रियेची तिथि मुळींच नाहीं. मॅक्डॉवेलचें परत येणें, बाईचा थोड्या दिवसांचा प्रवास, आणि मधले सहा दिवस हा हिशेब धरला तर बोलावणें महिन्याच्या मध्याच्या आगेमागें आलें असल्यास २५ तारीख जुळते; महिनाअखेर आलें असल्यास जुळत नाहीं. तेव्हां नाताळ असंभवनीय नाहीं, पण सिद्धही नाहीं. आज जी तारीख सर्वत्र निःशंकपणें छापली जाते तिचा आधार वीस वर्षांनंतरच्या या एका वाक्यांत आहे, हें वाचकानें जाणून असावें.

याच्या उलट, जी गोष्ट अत्यंत लोकप्रिय झाली तिला या दोन्ही कागदांत तिळभरही आधार नाहीं. शस्त्रक्रिया चालू असतां घराबाहेर गांवकऱ्यांचा जमाव जमला होता, बाई मेली तर वैद्यास फांशीं देण्यासाठीं झाडास दोर टांगला होता, आणि आंत बाई धर्मगीतें म्हणत वेदना सोशीत होती, अशी ती हकीकत. ग्रॉस या शस्त्रवैद्यानें १८५२ मध्यें केंटकींतील शस्त्रवैद्यकाचा अहवाल लिहून मॅक्डॉवेलचें विस्मृत नांव वर आणिलें. १८७९ मध्यें केंटकीच्या वैद्यमंडळानें डॅन्व्हिलला स्मारक उभारलें, तेव्हां मुख्य भाषण त्याचेंच झालें. १८९० मध्यें मॅक्डॉवेलच्या वंशांतील एका बाईनें चरित्र लिहिलें. सत्तर-ऐशीं वर्षांच्या या अवधींत घरगुती आठवणींना पालवी फुटत गेली. १८२९ मध्यें चार थोरांची नांवें घेऊन आपलें धैर्य सांगणारा मनुष्य स्वतःच्या दारांतील फांसाचा दोर विसरला असेल, हें मला पटत नाहीं. धर्मगीतांविषयीं एवढा कडक नकार देववत नाहीं. असह्य वेदनेंत ओठांवर येणारें गीत शस्त्रवैद्याच्या टिपणांत न यावें, हें स्वाभाविक आहे.

तें अर्बुद होतें तरी कोणतें? नुसत्या सरसासारख्या पदार्थावरून जात ठरत नाहीं. श्रोणींतील मृदु ऊतकांचें एक विरळ अर्बुद असें आहे कीं तेंही कापल्यावर सरसासारखें दिसतें. १९८३ मध्यें स्टीपर व रोसाय या विकृतिशास्त्रज्ञांनीं नऊ स्त्रियांच्या उदाहरणांवरून तें प्रथम वेगळें काढलें व त्यास 'आक्रमक अँजिओमिक्सोमा' हें नांव दिलें. बाहेरून तें गळूं, पाण्याची गांठ किंवा अंतर्गळ वाटतें; आंत मात्र तें श्रोणींत खोल पसरलेलें असतें, आणि काढल्यावरही कित्येक वर्षांनीं पुन्हा उगवण्याची त्याची खोड आहे. सुदैवानें मॅक्डॉवेलच्या वर्णनांत निवाड्यापुरता मजकूर आहे. त्यानें काढलेल्या गोळ्यास पिशवी होती, देंठ होता, तो पोटांत मोकळा फिरत होता. आणि क्रॉफर्डबाई पुढें ३२ वर्षें जगून १८४२ मध्यें इंडियाना संस्थानांत वारली. आसपासच्या भागांत शिरकाव करणाऱ्या अर्बुदाचीं हीं लक्षणें नव्हेत. अंडाशयाचें श्लेष्मल द्रवानें भरलेलें सौम्य अर्बुद, असेंच आज बहुधा म्हणतां येईल.

लेखाच्या प्रवासाची हकीकतही थोडी सांगितली पाहिजे. मॅक्डॉवेलनें एक प्रत जॉन बेलला एडिंबरोस पाठविली. पण बेल प्रकृतीसाठीं इटलींत गेला व १८२० मध्यें रोम येथें वारला. प्रत त्याचा शिष्य जॉन लिझार्स याच्या हातीं राहिली, ती त्यानें १८२४ मध्यें छापली. तिच्याबरोबर त्यानें स्वतःचें एक उदाहरणही दिलें. अंडाशयाचें अर्बुद समजून त्यानें १८२३ मध्यें एका स्त्रीचें पोट उघडलें होतें, तों आंत अर्बुद नव्हतेंच. चरबी होती आणि वायूनें फुगलेलीं आंतडीं होतीं. बाई वांचली हें तिचें नशीब. हातानें तपासण्याच्या त्या पांच मिनिटांची किंमत यावरून कळावी. एडिंबरोच्या शस्त्रवैद्याजवळ चाकू तोच होता, शरीरशास्त्र तेंच होतें. चुकलें तें पोट उघडण्यापूर्वींचें काम.

मायदेशींही स्वागत थंडच झालें. लेख फार त्रोटक आहे, अशी तक्रार एका अमेरिकन वैद्यानें केली, आणि ती अगदींच अन्यायाची नव्हती. मॅक्डॉवेलनें १८१९ मध्यें उत्तर दिलें, आणखी दोन उदाहरणें सांगितलीं, त्यांपैकीं एक रोगी दगावल्याचेंही लपविलें नाहीं, आणि यंत्रासारखें काम करणाऱ्या शस्त्रवैद्यास ही क्रिया कधींही न समजो अशी इच्छा प्रकट केली. लंडनमध्यें जेम्स जॉन्सन या संपादकानें उघड अविश्वास दाखविला. हा जॉन्सन आरमाराचा वैद्य म्हणून हिंदुस्थानांत येऊन गेलेला व येथील हवेचा युरोपियनांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम या विषयावरील ग्रंथाबद्दल नांवाजलेला. पुढें एकदोन वर्षांत त्यानें आपल्या अनुदारपणाबद्दल देवाची व डॅन्व्हिलच्या डॉ. मॅक्डॉवेलची क्षमा मागितली. ही क्षमायाचना सर्व चरित्रांत मोठ्या हौसेनें दिलेली असते. तिच्या आधीं त्यानें जें लिहिलें तें मात्र क्वचितच देतात. केंटकींतील रोगी एकीखेरीज सर्व नीग्रो स्त्रिया होत्या, आणि हे लोक कुत्र्या-सशांइतक्याच सहजपणें कापून घेतात, सबब आश्चर्य मानण्याचें कारण कमी होतें, अशा अर्थाचें तें लिहिणें आहे. या वाक्याबद्दल त्यानें कोणाची क्षमा मागितली नाहीं.

१८१७ च्या लेखांतील दुसरी व तिसरी स्त्री याच वाक्यांत येतात. दुसरी गुलाम होती. तिचा गोळा घट्ट व न हलणारा होता. मॅक्डॉवेलनें तीनचार महिने पारा दिला व शस्त्रक्रियेचा सल्ला दिला नाहीं. पुढें तिच्या मालकाच्या आग्रहास्तव व तिची दैना पाहून त्यानें होकार दिला. पोट उघडल्यावर गोळा मूत्राशय व गर्भाशय यांस चिकटलेला आढळला. काढला तर तत्काळ मरण, म्हणून नुसता चाकू खुपसून आंतील पदार्थ व रक्त बाहेर काढून दिलें. ती वांचली. तिसरी स्त्री १८१६ च्या मे महिन्यांत लांबून आणली गेली. तिचा गोळा हलता होता, म्हणून तो काढावा असें त्यानेंच सुचविलें, व या वेळीं छेद पोटाच्या मध्यरेषेवर घेतला. दोन आठवड्यांत ती बरी झाली, पण बांधलेला दोरा सुटण्यास पांच आठवडे लागले; आतां ती एका मोठ्या कुटुंबाच्या स्वयंपाकाचें कष्टाचें काम करते, असें लेख सांगतो.

हलतें अर्बुद काढावें, घट्ट चिकटलेलें काढूं नये, हा जो नियम मॅक्डॉवेलनें पुढील पिढ्यांना दिला, तो या तीन शरीरांवर मिळून सिद्ध झाला. एकट्या क्रॉफर्डबाईवर नव्हे. पहिलीच्या बाबतींत तिची राजीखुशी लेखकानें मुद्दाम नोंदली आहे. दुसरीच्या बाबतींत मालकाचा आग्रह व तिची दैना एवढेंच नोंदलें आहे. तिनें होय म्हटलें कीं नाहीं हें नाहीं. तिसरीविषयीं तेवढेंही नाहीं. पहिलीचें नांव स्मारकांवर आहे, दुसऱ्या दोघींचें नांव मूळ लेखांतच नाहीं.

१८२९ च्या पत्रांत मॅक्डॉवेल पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आणखी अकरा केल्याचें व एकच रोगी गमावल्याचें सांगतो. छापील हकीकत पहिल्या पांचांचीच आहे. १८१९ च्या लेखांतील एक मृत्यु या आंकड्याशीं जुळतो, एवढा पडताळा मिळतो; उरलेल्या सात रोग्यांचें काय झालें त्यास त्याच्या शब्दाखेरीज साक्ष नाहीं. तो २५ जून १८३० रोजीं वारला. केंटकींत गुलामी १८६५ पर्यंत चालू होती, आणि त्या काळच्या मृत्युपत्रांत व मालमत्तेच्या याद्यांत गुलाम माणसें नांवानिशीं, किंमतीसह लिहीत. १८१६ च्या सुमारास मोठें कुटुंब, मोठा मुदपाक, आणि पोटावर मध्यरेषेंत उभा व्रण असलेली स्वयंपाकीण, एवढ्या खुणांवरून डॅन्व्हिलच्या आसपासच्या जिल्ह्यांचीं दप्तरें कोणीं चाळलीं, तर त्या तिसऱ्या स्त्रीचें नांव अद्यापि सांपडण्याचा संभव आहे.